बंबवाल्या प्राध्यापकाचे पत्र्याचे विमान

विमानात खिडकीजवळची जागा मिळाली आणि ती नेमकी पंखाच्या वर आली, की ढगांतून जाताना एक दृश्य अनेकांच्या पोटात गोळा आणते. पंखाचे टोक वरखाली हलत असते. त्याला खालून टेकू नसतो, वरून तार नसते, आणि ज्या ठिकाणी तो विमानाच्या अंगातून बाहेर निघतो त्या एका जागेखेरीज तो कुठेही कशाला जोडलेला नसतो. तरीही शेकडो माणसांचे आणि त्यांच्या सामानाचे ओझे त्याच्यावरच असते. हा पंख नेमका कशाच्या आधारावर टिकून आहे, या प्रश्नाच्या उत्तराचा बराचसा भाग १ फेब्रुवारी १९१० या तारखेच्या एका जर्मन पेटंटात आहे. ते घेणाऱ्या हुगो युंकर्स या प्राध्यापकाला दोनच दिवसांनी एक्कावन्न वर्षे पूर्ण होणार होती, आणि तोवर त्यांचे नाव विमानासाठी नव्हे, तर आंघोळीचे पाणी तापवणाऱ्या गॅसच्या बंबासाठी ओळखले जात होते. इंग्रजी वळणाने आपल्याकडे हे नाव ‘जंकर्स’ असेही लिहिले जाते. जर्मन उच्चार युंकर्स असा आहे.

त्या काळची विमाने तारांच्या जाळ्यात का असत?

राइट बंधूंचे १९०३ मधील विमान किंवा पहिल्या महायुद्धातील कोणतेही सामान्य विमान छायाचित्रात पाहिले, तर एकावर एक असे दोन पंख, त्यांच्यामधले लाकडी खांब आणि खांबांच्या मधून तिरप्या ताणलेल्या पुष्कळ तारा दिसतात. सांगाडा लाकडाचा आणि त्यावर कापड, अशी ती रचना होती. पंख अगदी पातळ असल्यामुळे तो एकटा ओझे पेलू शकत नसे. म्हणून तंबूला जसे चहूबाजूंनी तणावे लागतात, तसे त्यालाही लागत. एकही तणावा तुटला तर तंबूचे जे होते तेच विमानाचे होई.

या तारांची किंमत मोजावी लागे ती हवेत. धावत्या गाडीच्या खिडकीतून हात बाहेर काढला की हवा तो मागे ढकलते. या मागे ढकलण्याला आपण हवेचा अडथळा म्हणू. तार बारीक असल्यामुळे तिचा अडथळा नगण्य असेल असे वाटते, पण प्रत्यक्षात उलटे आहे. गोल तारेच्या मागे हवा फाटते, भोवरे उठतात, आणि तेवढाच अडथळा माशाच्या आकाराच्या, म्हणजे पुढे गोलसर आणि मागे निमुळत्या होत गेलेल्या, सुमारे दहापट जाड वस्तूला होतो. म्हणजे ताणलेली प्रत्येक तार हवेच्या दृष्टीने एक मोठा अडसर होती, आणि इंजिनाची शक्ती त्या तारा हवेतून ओढून नेण्यात वाया जात होती. युंकर्स यांचा प्रश्न इथून सुरू झाला: उडायला ज्याचा उपयोग नाही असे काहीही हवेत उघडे का ठेवायचे?

जाड पंखाची युक्ती

इमारतीच्या भिंतीतून बाहेर आलेला बिनखांबी सज्जा आपण रोज पाहतो. त्याच्या एका टोकाला भिंत आहे, दुसरे टोक मोकळे आहे, आणि तरी त्यावर माणसे उभी राहतात. अभियंते अशा रचनेला ‘कॅन्टिलिव्हर’ म्हणतात. आजच्या विमानाचा पंख हा असाच बिनखांबी सज्जा आहे. फरक इतकाच की सज्ज्यावर ओझे वरून येते आणि पंखाला हवा खालून उचलते.

सज्जा टिकतो तो त्याच्या जाडीमुळे. घरातली साधी फूटपट्टी घ्यावी आणि टेबलाच्या कडेबाहेर धरून टोकाशी दाबावी. आडवी धरली तर ती सहज वाकते. तीच उभ्या कडेवर धरली तर हलतसुद्धा नाही. पट्टी ३ सेंटिमीटर रुंद आणि ३ मिलिमीटर जाड असेल, तर उभी केल्याने ती शंभरपट ताठ होते. लाकूड तेच आणि वजनही तेच असते. फक्त ते वाकवणाऱ्या जोराच्या दिशेने खोलवर पसरलेले असते. पातळ पंख म्हणजे आडवी पट्टी. दोन पंख, खांब आणि तारा यांचा खटाटोप म्हणजे बाहेरून उसनी आणलेली खोली. युंकर्स यांचे म्हणणे असे की ही खोली पंखाच्या पोटातच का असू नये? पंख जाड करावा, आतून पोकळ ठेवावा, ओझे पेलणारा सांगाडा त्या पोकळीत लपवावा, आणि जागा उरते आहे तर इंजिन, इंधन आणि शेवटी माणसेसुद्धा तिथेच बसवावीत. पेटंटाचा गाभा एवढाच आहे.

इतकी सरळ गोष्ट इतरांना का सुचली नाही?

ही शंका रास्त आहे, आणि तिचे उत्तर मला या सगळ्या कहाणीतला सर्वांत बोधक भाग वाटते. इतरांनी विचार केला नव्हता असे नाही; त्यांच्या प्रयोगांनीच त्यांना चकवले होते. पंखाचे आकार तपासण्यासाठी एका बोगद्यात पंख्याने वारा सोडून त्यात छोटी प्रतिकृती धरतात. याला वातबोगदा म्हणतात. त्या काळचे वातबोगदे लहान होते, त्यांतला वारा मंद होता आणि प्रतिकृती तळहाताएवढ्या असत. अशा छोट्या, संथ वस्तूला हवा जणू काकवीसारखी चिकट भासते, आणि त्या चिकट हवेत पातळ, किंचित वाकवलेला पंखच चांगला ठरतो. खऱ्या आकाराच्या, वेगाने जाणाऱ्या पंखाला मात्र हवा तशी भासत नाही. तिथे नीट घडवलेला जाड पंख अडथळा फारसा न वाढवता भरपूर उचल देतो. प्रयोगाचे आकडे खरे होते, पण ते ज्या पंखाबद्दल होते तो पंख एखाद्या चिमणीला शोभला असता, विमानाला नव्हे.

युंकर्स यांनी स्वतःच्या वातबोगद्यात जाड पंखांची तपासणी केली आणि इतरांचा समज खोडून काढला. तो खोडण्याची हिंमत त्यांच्यात का होती, हे कळायला बंबाकडे वळावे लागते.

बंब आणि विमान यांचा संबंध काय?

युंकर्स यांचा जन्म ३ फेब्रुवारी १८५९ रोजी ऱ्हाईन नदीच्या परिसरातील राइट या गावी झाला. (गावाच्या नावाचा राइट बंधूंशी काही संबंध नाही, हा निव्वळ उच्चाराचा योगायोग आहे.) अभियांत्रिकीचे शिक्षण संपवून ते १८८८ मध्ये देसाऊ शहरातील गॅस कंपनीत गॅसच्या इंजिनांवर काम करू लागले. गॅसपासून किती उष्णता मिळते हे अचूक मोजल्याशिवाय इंजिन सुधारता येणार नाही, म्हणून त्यांनी एक उपकरण बनवले: ज्योतीभोवतीच्या नळ्यांतून पाणी सतत वाहत ठेवायचे आणि आत जाताना व बाहेर येताना त्याचे तापमान किती बदलले ते पाहायचे. या उष्णतामापकाचे पेटंट त्यांनी १८९२ मध्ये घेतले.

मग त्यांच्या लक्षात आले की मोजण्यासाठी केलेले हे यंत्र पाणी फार उत्तम तापवते. आपल्या जुन्या तांब्याच्या बंबात आधी सगळे पाणी साठवावे लागे आणि मग विस्तव. इथे नळ सोडला की वाहते पाणी वाटेतच तापून येत होते. आज अनेक घरांतला गॅस गिझर याच तत्त्वावर चालतो. १८९५ मध्ये त्यांनी देसाऊमध्ये कारखाना काढला, आणि या धंद्याच्या पैशावर त्यांनी पुढची जवळजवळ चाळीस वर्षे संशोधन पोसले. १८९७ ते १९१२ या काळात ते आखेनच्या तंत्रविद्यापीठात प्राध्यापकही होते.

बंबाने पैशाखेरीज आणखी एक गोष्ट दिली, ती म्हणजे पत्र्याची जाण. ज्योतीची उष्णता पाण्यात पटकन उतरायची असेल तर धातूचा पत्रा शक्य तितका पातळ हवा, आणि पातळ पत्रा टिकायचा असेल तर तो कसा वाकवावा, कुठे जोडावा हे कारागिरांना कळायला हवे. देसाऊच्या कारखान्यात ही कला होती. त्यामुळे आखेनमधील सहकारी प्राध्यापक हान्स राइसनर यांनी धातूच्या पंखांचे विमान करायचे ठरवले, तेव्हा पन्हळी ॲल्युमिनिअमचे ते पंख युंकर्स यांच्याच कारखान्यात तयार झाले. ते विमान १९१२ मध्ये उडाले. विमानाकडे इतर लोक सुताराच्या आणि शिंप्याच्या नजरेने पाहत होते. युंकर्स तांबटाच्या नजरेने पाहत होते.

पत्र्याचे गाढव

१२ डिसेंबर १९१५ रोजी बर्लिनजवळच्या डोबेरिट्झच्या मैदानावर लेफ्टनंट मालिंकरोट या वैमानिकाने एक विचित्र विमान जमिनीवरून उचलले. त्याला पंखांची एकच जोडी होती, बाहेर एकही तार नव्हती, आणि ते सगळेच्या सगळे धातूचे होते. हे युंकर्स यांचे जे-१. ॲल्युमिनिअमचे योग्य मिश्रण तेव्हा हाताळता येत नव्हते, म्हणून ते मिलिमीटरहून पातळ अशा पोलादी पत्र्याचे केले होते. पाहणाऱ्यांनी त्याला ‘पत्र्याचे गाढव’ असे नाव ठेवले. १२० अश्वशक्तीच्या इंजिनावर त्याने ताशी १७० किलोमीटरचा वेग गाठला, जो त्या काळात उत्तम होता. पण वजनामुळे ते उंची फार हळू गाठे, आणि सैन्याला चपळ विमाने हवी होती. गाढव हे नाव अगदीच अन्यायाचे नव्हते. पण तारांविना पंख टिकतो की नाही, हा वाद त्या दिवशी मिटला.

पन्हळी पत्रा कशासाठी?

जे-१ च्या वजनाच्या अडचणीवर उत्तर मिळाले ते ड्युरॅल्युमिन या मिश्रधातूत. आल्फ्रेड विल्म या जर्मन धातुतज्ज्ञाने त्याचा शोध लावला होता. ॲल्युमिनिअममध्ये सुमारे चार टक्के तांबे आणि थोडे मॅग्नेशियम व मँगनीज घालून ते तापवले आणि पाण्यात विझवले, तर ते लगेच मऊच असते; पण नुसते ठेवून दिले तर काही दिवसांत आपोआप कठीण होत जाते. वजन पोलादाच्या जवळजवळ एकतृतीयांश, आणि ताकद साध्या पोलादाच्या जवळपास जाणारी.

हलक्या धातूचा पत्रा थोडा जाड ठेवता येतो, तरी सपाट पत्रा दाबाखाली चुरगळतोच. यावरचा उपाय आपल्या डोळ्यांसमोर असतो. गोठ्यावर किंवा शेडवर टाकलेला पन्हळी पत्रा पन्हळीच्या दिशेने ताठ राहतो, कारण प्रत्येक पन्हळ म्हणजे उभी केलेली छोटी फूटपट्टीच असते. आडव्या दिशेने मात्र तोच पत्रा गुंडाळता येतो. युंकर्स यांनी पंखावर पन्हळी पुढून मागे, म्हणजे वाऱ्याच्या दिशेने, ठेवल्या. त्यामुळे पंखाचा आकार बिघडत नसे आणि पंखाला पीळ बसत नसे. पंख वर वाकवणारे मुख्य ओझे मात्र आतल्या ड्युरॅल्युमिनच्या नळ्यांच्या सांगाड्यावर असे. पन्हळी पत्र्यानेच सारा भार पेलला असे अनेकदा लिहिले जाते, ते अर्धेच खरे आहे.

या युक्तीला दुसरी बाजूही होती. पंखावरून जाणारी हवा सगळीकडे सरळ पुढून मागे जात नाही. ती थोडी तिरपी सरकते, आणि तिरपी सरकली की पन्हळीवर अडखळते. पन्हळींमुळे पृष्ठभागही वाढतो आणि घर्षणही वाढते. तारांचा अडथळा काढून टाकणाऱ्या माणसाने पत्र्याच्या रूपाने थोडा अडथळा परत आणला, असे म्हणणे कठोर असले तरी खोटे नाही. पुढे आडोल्फ रोरबाख आणि इतर अभियंत्यांनी गुळगुळीत पत्र्यालाच भार पेलायला लावले, आणि १९३० नंतर पन्हळी मागे पडली.

धातूच का? लाकूड हलके नव्हते का?

लाकूड हलके असते यात शंका नाही, आणि वजनाच्या तुलनेत ते चांगले मजबूतही असते. पण एकाच झाडाच्या दोन फळ्या सारख्या नसतात. लाकूड पावसात फुगते, उन्हात तडकते, सरस सुटतो, बुरशी लागते, आणि कापडावर चढवलेले रोगण पटकन पेट घेते. युद्धात काही महिने टिकणाऱ्या विमानाला हे चालते. रोज वेळापत्रकाप्रमाणे प्रवासी नेणाऱ्या विमानाला चालत नाही. धातूचा प्रत्येक पत्रा मोजून-मापून सारखा करता येतो आणि विमान वर्षानुवर्षे उघड्यावर उभे ठेवता येते. अर्थात धातूलाही गंज लागतो, आणि ड्युरॅल्युमिनला तर शुद्ध ॲल्युमिनिअमपेक्षा अधिक लागतो. ती अडचण पुढे त्यावर शुद्ध ॲल्युमिनिअमचा थर चढवून बरीच दूर झाली.

धातूची खरी कसोटी एफ-१३ या विमानाने दिली. पहिल्या महायुद्धात युंकर्स यांनी जर्मन सैन्यासाठी जे-४ हे चिलखती टेहळणी विमान केले होते; त्याची २२७ विमाने बनली. युद्ध संपताच त्यांनी लढाऊ विमानात दुरुस्त्या करण्याऐवजी ओटो रॉयटर या अभियंत्याच्या हाती प्रवासी विमानाचा कोरा आराखडा सोपवला. २५ जून १९१९ रोजी ते उडाले; त्यानंतर तीनच दिवसांनी व्हर्सायच्या तहावर सह्या झाल्या. चार प्रवाशांसाठी बंद, उबदार खोली, आणि वैमानिक मात्र पुढे जवळजवळ उघड्यावर, अशी त्याची मांडणी होती. इतर कंपन्या तेव्हा जुनी बॉम्बफेकी विमाने डागडुजी करून प्रवाशांना त्यांत कोंबत होत्या. एफ-१३ कोलंबियाच्या जंगलांवरून, रशियातून, इराणातून उडाले आणि एकूण तीनशेहून अधिक बनले. सगळेच गोड नव्हते: अमेरिकेच्या टपाल खात्याने घेतलेल्या या विमानांना १९२० मध्ये इंधनाच्या नळ्यांमुळे आगी लागल्या आणि माणसे दगावली.

विमाने खपवायला गिऱ्हाईक नव्हते, म्हणून युंकर्स यांनी विमान कंपन्याच उभारल्या. त्यांची वाहतूक कंपनी १९२६ मध्ये दुसऱ्या एका कंपनीशी एकत्र करण्यात आली आणि त्यातून लुफ्तहान्सा जन्मली. विलीनीकरण सरकारच्या दबावाखाली झाले होते.

नाव एकाचे, काम अनेकांचे?

हा आक्षेप मान्य करावा लागतो. एफ-१३ रॉयटर यांचे, प्रसिद्ध तीन इंजिनी यु-५२ एर्न्स्ट त्सिंडेल यांचे, आणि संशोधन विभाग ओटो माडर यांच्या हाती होता. विमानाच्या एकेका नळीचे गणित युंकर्स स्वतः करत नव्हते. पण कारखान्याला कोणत्या दिशेने जायचे हे ते ठरवत, आणि नफा दिसेनासा झाला तरी ती दिशा सोडत नसत. त्यांचा हट्ट १९२९ च्या जी-३८ मध्ये टोकाला गेला. ४४ मीटर पसरलेल्या या विमानाचा पंख मुळाशी इतका जाड होता की उड्डाण चालू असताना तंत्रज्ञ आतून इंजिनांपर्यंत जाऊ शकत, आणि पंखाच्या पुढच्या कडेत काचा बसवून प्रत्येक बाजूला तीन प्रवासी बसवलेले असत. १९१० चे पेटंट अक्षरशः उडत होते. जर्मनीत अशी दोनच विमाने झाली. धंद्याच्या हिशेबाने हे वेडेपणाचे होते, आणि १९३२ मध्ये कर्जाच्या ओझ्याखाली युंकर्स यांना आपला पाया असलेला बंबांचा कारखाना बॉश कंपनीला विकावा लागला.

मग नाझींची बॉम्बफेकी विमाने कोणाची?

दुसऱ्या महायुद्धाच्या चित्रफितींत किंचाळत खाली झेपावणारे यु-८७, म्हणजेच श्टुका, पाहिलेल्या वाचकाच्या मनात हा प्रश्न येणारच. १९३३ मध्ये सत्तेवर येताच नाझी सरकारने युंकर्स यांच्याकडून आधी पेटंटे आणि मग कंपनीचे निम्म्याहून अधिक भाग, राजद्रोहाच्या खटल्याची धमकी देऊन, लिहून घेतले. त्यांना देसाऊमध्ये पाऊल ठेवायला बंदी झाली आणि बव्हेरियात नजरकैदेत ठेवण्यात आले. ३ फेब्रुवारी १९३५ रोजी, आपल्या शहात्तराव्या वाढदिवशी, ते म्युनिकजवळच्या गाउटिंगमध्ये वारले. यु-८७ त्यानंतर काही महिन्यांनी प्रथम उडाले. उरलेले भाग त्यांच्या पत्नीकडून सरकारने घेतले. नाव मात्र तसेच ठेवले, कारण ते नाव खपत होते.

एवढ्यावरून त्यांना निव्वळ शांतिदूत ठरवणेही बरोबर नाही. जर्मनीत विमाने बांधायला दोस्त राष्ट्रांनी बंदी घातली असताना त्यांनी जर्मन सैन्याच्या गुप्त पाठबळावर मॉस्कोजवळ फिली येथे कारखाना काढला होता. आणि प्रवासी विमान म्हणून नावाजलेल्या यु-५२ नेच १९३७ मध्ये स्पेनमधील गेर्निका गावावर बॉम्ब टाकले.

आजच्या पंखात त्यांचे काय आहे?

पन्हळी गेली. पंखात आता माणसे बसत नाहीत. पंख मागे वळवलेले असतात आणि कित्येक विमानांत ते कार्बन तंतूंचे असतात. पण पंख आतून पोकळ आहे, ओझे पेलणारी रचना आत लपलेली आहे, आणि त्या पोकळीत पेटंटात म्हटल्याप्रमाणे इंधन भरलेले असते. ते तिथे ठेवण्यात आणखी एक फायदा आहे. हवा पंखाला वर उचलत असते आणि मधला अवजड धड खाली ओढत असतो, त्यामुळे पंखाच्या मुळाशी मोडण्याइतका ताण येऊ पाहतो. इंधनाचे वजन पंखातच असले तर ते उचलीला जागच्या जागी खाली दाबून धरते आणि मुळाशी येणारा ताण कमी होतो. म्हणूनच धडाच्या मधल्या टाकीत इंधन असेल, तर प्रवासी विमानात साधारणतः आधी ते वापरतात आणि पंखांतले शेवटपर्यंत राखून ठेवतात.